यादीच्या दुसऱ्या टोकाला

कॉल करणाऱ्या ताईंच्या शेजारी मी खुर्ची ओढून बसलो तो एका किरकोळ कामासाठी. इंटरनेटवरची आमची जाहिरात बघून लोक भरतात त्या फॉर्ममधून येणारे काही फोन नंबर त्यांच्या शीटमध्ये एक आकडा कमी दिसतात, अशी तक्रार होती. शीट सुरुवातीचं शून्य गाळत होती. पाच मिनिटांत ते दुरुस्त झालं. ताईंनी हेडफोन कानाला लावला, पुढचा नंबर फिरवला, आणि मी उठायचं सोडून तिथेच बसून राहिलो.

पहिला नंबर रिंग होऊन बंद झाला. दुसऱ्यानं सांगितलं, मी असा कुठलाही फॉर्म भरलेला नाही. तिसरे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांच्या घरातला पाण्याचा फिल्टर महिनाभर गळत होता, दुरुस्तीला कुणी येत नव्हतं, आणि आता अखेर कंपनीचा फोन आला म्हणून त्यांच्या आवाजात सुटकेचा भाव होता. त्यांना ती कंपनी आम्ही नव्हे, हे समजावून सांगायला ताईंना सहा मिनिटं लागली. मग एक विद्यार्थिनी, तिला प्रोजेक्टसाठी माहिती हवी होती. मग नोकरी विचारणारा एक मुलगा. दोन तासांत सव्वीस फोन झाले. ज्या कंपनीची जाहिरात मी चालवत होतो ती कारखाने, हॉटेलं, रुग्णालयं यांच्यासाठी जलशुद्धीकरणाच्या मोठ्या यंत्रणा बसवते. तशी यंत्रणा हवी असलेला माणूस सव्वीसांत एक निघाला, आणि त्यालाही ती पुढच्या वर्षी हवी होती.

त्याच आठवड्यात मी बैठकीत एक आलेख दाखवला होता. दोन महिन्यांत एका लीडमागचा, म्हणजे फॉर्म भरून नंबर देणाऱ्या एका माणसामागचा, खर्च जवळजवळ निम्म्यावर आला होता. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, आणि तो खोटा नव्हता. मी त्यासाठी रात्री जागून बिड, म्हणजे क्लिकसाठी लावायच्या बोली, बदलल्या होत्या, कीवर्ड, म्हणजे ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसते ते, वाढवले होते, फॉर्म छोटा केला होता. तो उतरणारा आलेख आणि ही सव्वीस फोनांची यादी एकाच कामाची दोन टोकं होती. मी इतके दिवस फक्त एका टोकाला बसत होतो.

निघताना ताई म्हणाल्या, "सर, यादी लांब आली की सकाळीच दडपण येतं. चांगला माणूस यात कुठेतरी असतोच. पण त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत संध्याकाळ होते."

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही.

या कामातली खरी अडचण मला तेव्हापासून अशी दिसते: खर्च लगेच कळतो, दर्जा उशिरा कळतो. खर्च माझ्या स्क्रीनवर दशांशापर्यंत, दर तासाला हजर असतो. दर्जा मात्र तीन आठवड्यांनी, दुसऱ्याच माणसाला, दुसऱ्याच फाइलमध्ये कळतो. आणि तोही "बघतो म्हणाले", "साहेबांशी बोलून सांगतील", "नंबर चुकीचा" अशा शब्दांत. समोर एक स्वच्छ आकडा असेल आणि दूर कुठेतरी पुसटसे शब्द, तर माणूस आकड्याकडेच वळतो. त्याला आळशी म्हणता येणार नाही. त्याच्यापुढे जे मांडलं जातं तेच तो सुधारत राहतो.

गंमत वाटावी अशी एक गोष्ट या धंद्याच्या जन्मातच आहे. १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांनी गोटू डॉट कॉम हे सर्च इंजिन सुरू केलं. त्या काळात शोधाच्या निकालांत कचरा फार झाला होता. पानं भलत्याच शब्दांनी भरून लोक वर येत होते. ग्रॉस यांचा विचार असा होता की शब्दासाठी पैसे मोजावे लागले, आणि तेही प्रत्येक क्लिकमागे, तर ज्याच्याकडे त्या शब्दाशी संबंधित खरोखर काही विकायला आहे तोच तिथे उभा राहील. म्हणजे क्लिकची किंमत ही मुळात दर्जासाठी लावलेली चाळणी होती. गोटूचं पुढे ओव्हरचर झालं, २००३ मध्ये याहूनं ते विकत घेतलं. गूगलनं २००० मध्ये ॲडवर्ड्स ही आपली जाहिरातसेवा सुरू केली ती हजार वेळा जाहिरात दिसण्याच्या दरानं. क्लिकचा लिलाव तिथे २००२ मध्ये आला, आणि येताना एक महत्त्वाची भर घालून आला. जागा नुसत्या बोलीवर ठरणार नव्हती. जाहिरातीवर किती लोक क्लिक करतात हेही त्यात धरलं जाणार होतं.

हे साधं गणित एकदा हातानं करून बघावं. एकजण क्लिकला दहा द्यायला तयार आहे, पण त्याची जाहिरात शंभर जणांनी पाहिली तर एकच क्लिक करतो. दुसरा चारच देतो, पण शंभरात पाचजण क्लिक करतात. पहिल्याकडून सर्च इंजिनला शंभर दर्शनांत दहा मिळतात, दुसऱ्याकडून वीस. म्हणून दुसरा वर. पुढे २००५ मध्ये याच कल्पनेला क्वालिटी स्कोअर हे नाव मिळालं, आणि आज तो कीवर्डशेजारी एक ते दहाच्या मापात दिसतो: क्लिक होण्याची शक्यता, जाहिरात शोधाशी किती जुळते, आणि क्लिकनंतर उघडणारं पान कसं आहे.

या नावानं माझा बराच काळ घोटाळा केला. क्वालिटी म्हणजे दर्जा, आणि माझा स्कोअर नऊ आहे, म्हणजे माझ्याकडे दर्जेदार माणसं येत असणार, असं मनात कुठेतरी बसलं होतं. पण तो दर्जा शोधणाऱ्याच्या अनुभवाचा आहे. त्या वयस्कर गृहस्थांनी ज्या शब्दांनी शोध घेतला, त्या शब्दांना माझी जाहिरात चांगली जुळत होती. त्यांनी क्लिक केलं, पान पटकन उघडलं, फॉर्म सोपा होता. त्या मापानं सगळं उत्तम झालं. त्यांना मोठी यंत्रणा विकत घ्यायची आहे का, हा प्रश्न त्या मोजमापात कुठेच नव्हता, आणि असण्याचं कारणही नाही. तो प्रश्न विचारायची जबाबदारी माझी होती.

मग आम्ही हिशेब उलट्या बाजूनं मांडायला बसलो. समजा दोन कॅम्पेन्स, म्हणजे जाहिरातमोहिमा, आहेत, दोन्हींवरचा खर्च सारखा. पहिल्यातून शंभर लीड्स आल्या, दुसऱ्यातून चाळीस. शंभरातल्या आठांशी काही अर्थाचं बोलणं झालं आणि दोन ग्राहक झाले. चाळिसातल्या अठरांशी बोलणं झालं आणि सहा ग्राहक झाले. लीडच्या भावानं पाहिलं तर दुसरं कॅम्पेन अडीचपट महाग. ग्राहकाच्या भावानं पाहिलं तर त्याचा खर्च पहिल्याच्या एक तृतीयांश. त्यात ताईंचा वेळ अजून धरलेला नाही. पहिल्या कॅम्पेनमधल्या जास्तीच्या साठ लीड्सना प्रत्येकी तीनदा फोन, नोंदीसकट एका फोनला चार मिनिटं, म्हणजे बारा तास. हे बारा तास जाहिरातीच्या बजेटमध्ये दिसत नाहीत, म्हणून ते फुकट आहेत असं धरलं जातं.

अर्थात दर्जाचाही लोभ होऊ शकतो. मी एका टप्प्यावर इतकी चाळणी लावली की आठवड्याला चार लीड्स येऊ लागल्या. चारही सुंदर. पण चारांवर विक्री करणारी माणसं चालत नाहीत, आणि त्यातला एक जरी फिसकटला तर महिना रिकामा जातो. म्हणून "स्वस्त की चांगली" हा प्रश्नच मला आता अपुरा वाटतो. त्याऐवजी आम्ही कमाल किंमत काढतो. एका ग्राहकातून किती सुटतं, त्यातलं किती ग्राहक मिळवण्यावर घालवायची तयारी आहे, ही रक्कम आधी ठरते. ज्या ठिकाणाहून आलेल्या दहा लीड्समध्ये एक ग्राहक होतो, तिथे लीडला त्या रकमेचा दहावा भाग देता येतो. जिथे पन्नासात एक होतो तिथे पन्नासावा. प्रत्येक कीवर्डच्या गटाची, प्रत्येक माध्यमाची कमाल वेगळी. एकच सरासरी भाव सगळ्यांवर लादला की चांगल्या जागी आपण हात आखडता घेतो आणि वाईट जागी सैल सोडतो.

सरासरीचा आणखी एक त्रास आहे, तो इथेच सांगतो. खर्च शंभर असताना पन्नास लीड्स येत होत्या, तो दीडशे केल्यावर साठ आल्या. सरासरी दोनवरून अडीचवर गेली, फारसं काही वाटत नाही. पण त्या शेवटच्या दहा लीड्स प्रत्येकी पाचाला पडल्या. बजेट वाढवताना मी आता फक्त त्या शेवटच्या दहांकडे बघतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते सर्च टर्म्सच्या रिपोर्टनं. आपण लावलेला कीवर्ड वेगळा आणि माणसानं प्रत्यक्ष टाइप केलेले शब्द वेगळे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो रिपोर्ट रोज ओळ न् ओळ वाचणारे कमी. ब्रॉड मॅचमध्ये, म्हणजे जवळपासचे शोधही चालतील अशा सैल जुळणीत, लावलेला "जलशुद्धीकरण यंत्रणा" हा कीवर्ड कुठे कुठे फिरून आला होता! "कस्टमर केअर नंबर", "फिल्टर बदलायचा कसा", "पाणी शुद्ध करण्याचे प्रकार", "पगार किती". ताईंच्या फोनवरचा प्रत्येक आवाज मला त्या यादीत सापडला. गृहस्थ सापडले, विद्यार्थिनी सापडली, नोकरी विचारणारा मुलगा सापडला. त्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. त्यांना जे हवं होतं ते त्यांनी अगदी स्पष्ट शब्दांत लिहिलं होतं. त्यांच्या वाटेत मी पैसे देऊन उभा होतो. मला याचं वाईट वाटलं, आणि ते फक्त वाया गेलेल्या पैशांचं नव्हतं.

निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे ज्यांवर जाहिरात दिसूच नये अशा शब्दांची, यादी त्या आठवड्यात दोनशेवर गेली. या रिपोर्टमध्ये आता सगळंच दिसत नाही. २०२० पासून पुरेशा लोकांनी न वापरलेले शोध गूगल त्यात दाखवत नाही, त्यामुळे खर्चाचा काही भाग कुठल्या शब्दांवर गेला ते कळतच नाही. तरी जे दिसतं तेवढं वाचलंच पाहिजे. तिथेच आणखी एक गोष्ट सापडली. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये मुळातच निवडलेला पर्याय "त्या भागात असलेले किंवा त्या भागात रस दाखवणारे" असा असतो. कंपनी जिथे यंत्रणा बसवूच शकत नाही अशा दूरच्या जागांहून फॉर्म का येत होते, याचं उत्तर त्या "किंवा"मध्ये होतं.

जाहिरातीच्या मजकुरानं मात्र मला खरंच कोंडीत पकडलं. त्यात "कारखाने व हॉटेलांसाठी, घरगुती नाही" असं लिहिलं की क्लिक कमी होतात. तेच तर हवं आहे. पण क्लिक कमी झाले की अपेक्षित क्लिकचं माप खाली येतं, क्वालिटी स्कोअर घसरतो, आणि उरलेला प्रत्येक क्लिक महाग होतो. म्हणजे चुकीच्या माणसाला दारातच प्रामाणिकपणे सांगितलं तर त्याची किंमत मोजावी लागते. मी हे दोनदा करून मागे घेतलं, कारण क्लिकचा भाव चढताना बघवत नाही. तिसऱ्यांदा ताईंना विचारून केलं आणि सहा आठवडे हात लावला नाही. क्लिक महाग झाले, लीड महाग झाली, आणि ताईंची यादी दुपारी दोनपर्यंत संपू लागली. शब्द जितके नेमके, तितका हा दंड कमी बसतो, हेही दिसलं: जिथे शोधणाराच कारखान्याचा माणूस आहे अशा कीवर्डवर "कारखान्यांसाठी" हा शब्द त्याला उलट जवळ ओढतो.

फॉर्मचंही असंच. फॉर्म छोटा केला की लीड्स वाढतात, हे खरं आहे आणि अपुरं आहे. सोशल माध्यमांवरच्या फॉर्ममध्ये नाव आणि नंबर आधीच भरलेला येतो. अंगठा दोनदा टेकवला की लीड तयार. "मी फॉर्म भरलाच नाही" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्या लक्षातच नसतं. आम्ही आधी घाबरून नऊ प्रश्न घातले. त्याचा परिणाम असा झाला की महिन्यातला सगळ्यात मोठा ग्राहक फॉर्म अर्धवट सोडून थेट फोन करून आला, आणि वैतागलेला होता. मग सात काढून टाकले आणि त्यांच्या जागी एकच ठेवला: "दिवसाला साधारण किती लिटर पाणी लागतं?" ज्याला यंत्रणा हवी असते त्याला हा आकडा तोंडपाठ असतो, त्याला उत्तर द्यायला क्षणही लागत नाही. ज्याला नको असते तो तिथे थांबतो, आणि थांबल्यावर त्याला बहुधा कळतं की आपण चुकीच्या दारात आहोत. असा प्रश्न प्रत्येक धंद्यात असतो. तो मला माझ्या टेबलावर सापडला नसता. ताई तो प्रत्येक फोनवर पहिल्याच मिनिटात विचारत होत्या.

आता जाहिरातीच्या खात्यात बिड लावणाऱ्या यंत्राबद्दल. बिड आता बहुतेक वेळा आपण लावत नाही. आपण "अमुक भावात कन्व्हर्जन, म्हणजे क्लिकनंतर हवी असलेली कृती, आण" असं सांगतो आणि प्रत्येक लिलावात काय बोलायचं ते यंत्र ठरवतं. ते फार मेहनती आहे, आणि आपण ज्याला कन्व्हर्जन म्हटलं त्यावर त्याचा पूर्ण विश्वास असतो. मी त्याला सांगितलं होतं: फॉर्म भरला गेला की चांगलं झालं. मग जिथे फॉर्म सहज भरले जातात तिथे ते गेलं. बॉटनं, म्हणजे माणसाऐवजी एखाद्या प्रोग्रॅमनं, भरलेला फॉर्मही त्याच्या लेखी यशच. अशी दहा यशं एखाद्या जागेवरून मिळाली की ते तिथे आणखी पैसे ओततं. त्या दोन महिन्यांत आलेख उतरत होता, तेव्हा मी त्याला दररोज चुकीचा धडा देत होतो आणि ते तो नीट पाठ करत होतं.

उपाय माहितीतला आहे, पण कष्टाचा. प्रत्येक क्लिकसोबत येणारा ओळखक्रमांक फॉर्ममधल्या एका अदृश्य रकान्यात साठवायचा, तो ताईंच्या शीटपर्यंत न्यायचा, आणि पुढे त्या लीडचं काय झालं ते परत जाहिरातीच्या खात्यात पोचवायचं. इथे एक अडचण आली. क्लिकनंतर ९० दिवसांपेक्षा उशिरा पाठवलेली माहिती गूगल घेत नाही, आणि आमची विक्री व्हायला पाच-पाच महिने लागतात. शिवाय महिन्याला तीन-चार विक्रींवरून यंत्र शिकणार तरी काय? म्हणून आम्ही मधला टप्पा शोधला: "अभियंता जागा बघायला गेला." हे साधारण तीन आठवड्यांत घडतं, महिन्यात बऱ्याचदा घडतं, आणि कुणी उगाच अभियंत्याला जागेवर बोलावत नाही. त्या टप्प्याला आम्ही मूल्य दिलं, नुसत्या फॉर्मला अगदी थोडं. पुढचे काही आठवडे आकडे वेडेवाकडे झाले. लीडचा भाव वाढला. मी बैठकीत तो वाढलेला भाव दाखवला आणि शेजारी जागा बघायला गेलेल्या फेऱ्यांचा आकडा ठेवला. ती बैठक सोपी नव्हती.

एवढं सगळं झाल्यावर मला वाटू लागलं होतं की दर्जा हा लीडच्या आत असतो आणि आपण तो फक्त ओळखायचा असतो. ताईंच्या शीटमधल्या वेळा बघून हा समज गेला. "फोन उचलत नाही" असा शेरा असलेल्या कितीतरी लीड्सना पहिला फोन दोन दिवसांनी झाला होता, कारण त्यांच्या आधी तो सगळा कचरा रांगेत उभा होता. २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की ज्या कंपन्या तासाभरात संपर्क करतात, त्यांना त्यानंतर तासाभराचाही उशीर करणाऱ्यांच्या मानानं निर्णय घेणाऱ्या माणसाशी अर्थपूर्ण बोलणं होण्याची शक्यता जवळजवळ सातपट असते. मी तो आकडा पूर्वी वाचला होता आणि तो विक्रीवाल्यांसाठी आहे असं समजून पुढे गेलो होतो. माझ्या स्वस्त लीड्स ताईंचा तो पहिला तास खात होत्या. शेजारच्या ओळीतल्या चांगल्या माणसाला त्याच जुनं करत होत्या. आता रात्री आणि सुटीच्या दिवशी, जेव्हा फोन करायला कुणी नसतं, तेव्हा आम्ही जाहिरात जवळजवळ बंद ठेवतो. त्या वेळचे क्लिक स्वस्त मिळतात. तरी नाही घेत.

दर सोमवारी सकाळी अर्धा तास मी ताईंच्या शेजारी बसतो. त्यांनी शीटमध्ये एक रकाना वाढवला आहे, "काय म्हणाले" या नावाचा, आणि त्यात त्या माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहितात. गेल्या महिन्यात त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. एका मोठ्या रुग्णालयाच्या खरेदी विभागातली एक नवी मुलगी, फोन करून आलेली. तिला वरिष्ठांनी एक तांत्रिक शब्द लिहून दिला होता. तो काय आहे हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं आधी "म्हणजे काय" असं जोडून शोधलं होतं. तिला आमची जाहिरात दिसली नाही. दुसऱ्या कुणाकडून आमचं नाव कळलं म्हणून ती पोचली.

"म्हणजे काय" हे शब्द माझ्या निगेटिव्ह यादीत होते, पहिल्याच दिवशी घातलेले, विद्यार्थ्यांसाठी. ताईंनी विचारलं, "आता काढणार का ते?" मी सगळ्या कीवर्डवरून काढले नाहीत. त्या एका तांत्रिक शब्दापुरते काढले, त्याला वेगळं छोटं बजेट दिलं, आणि ताईंना सांगितलं की या वाटेनं येणाऱ्यांच्या ओळी निराळ्या रंगात दिसतील. आतापर्यंत सात आल्या आहेत. पाच विद्यार्थी, एकानं फोन उचलला नाही, आणि एकाकडे अभियंता गुरुवारी जातो आहे.